केमो झेपत नाही? मग म्हणे इम्युनोथेरपी!

परळची_फेरी (धागाकर्ता)
सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक पोस्ट फिरली. म्हणे मूत्राशयाचा कॅन्सर पसरलाय आणि केमो झेपणार नाही, तर घाबरू नका, इम्युनोथेरपी (आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) म्हणजे वरदान, ती घ्या. अर्ध्या तासाचं सलाईन, केस गळत नाहीत, साइड इफेक्ट शून्य. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मी दीड वर्ष बाबांना घेऊन डोंबिवली-परळ करतोय, गप्प बसवेना.

एक तर झेपत नाही ते सिसप्लॅटिन, म्हणजे केमोतलं एक औषध, अख्खी केमो नव्हे. बाबा ७२ वर्षांचे, वजन ५२, क्रिएटिनिन १.५. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक. क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला किती मिली रक्त साफ करतं, तो काढला तर ३३! सिसप्लॅटिनला साधारण ६० तरी लागतो. कान गेलेले, हातापायाला मुंग्या, हृदय थकलेलं, यांनाही ते देत नाहीत. पण कार्बोप्लॅटिन असतं की, तीही केमोच.

आणि "वरदान"? पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला अमेरिकेत २०१७ मध्ये अशा रुग्णांसाठी घाईची मंजुरी मिळाली ती ३७० जणांच्या एका ट्रायलवर, तीही तुलनेला दुसरा गट नसलेली. गाठी ठळक लहान झाल्या साधारण २९ टक्क्यांच्या. दहातल्या सातांच्या नाहीत. २०१८ मध्ये तर तिथल्याच एफडीएने, म्हणजे औषध नियामकाने, इशारा दिला, की पीडी-एल१ (गाठीवरचं प्रथिन, त्यावरून हे औषध किती लागू पडेल याचा अंदाज घेतात) कमी असलेले रुग्ण नुसत्या इम्युनोथेरपीवर केमोवाल्यांपेक्षा लवकर दगावतायत.

बाबांना इम्युनोथेरपीच्या सहाव्या सलाईननंतर जुलाब सुरू झाले. आम्ही बाहेरच्या वड्याला शिव्या घातल्या, पेज आणि ओआरएस दिलं. दिवसाला अकरा वेळा. तो वडा नव्हता, कोलायटिस (आतड्याची सूज) होता, औषधाचाच. स्टिरॉइडवर थांबला. साइड इफेक्ट शून्य म्हणणाऱ्याने येऊन आमच्या बाथरूममधली बादली धुवावी. पुढच्या स्कॅनला गाठ वाढलेली. आता कार्बोप्लॅटिनच चालू आहे.

मोदकाची_उकड
तुमच्या बाबांचं वाईट वाटलं, पण हा धागा उडवावा असं वाटतंय. माझी आई ७६ ची. हृदयाचं पंपिंग कमी, म्हणून सिसप्लॅटिन नाही. याच औषधावर दोन वर्षं होती. दोन्ही गणपतींना पाटावर बसून एकवीस मोदक स्वतः वळले तिने. कळ्या माझ्यापेक्षा सुबक. तुमचे २९ टक्के तिला सांगायला हवे होते का? कोणीतरी आज रात्री हे वाचून उद्याचं सलाईन रद्द करेल.

परळची_फेरी
रद्द करा असं कुठे लिहिलंय ते दाखवा. आईंचा पीडी-एल१ किती होता?

मोदकाची_उकड
जास्त होता. मग?

परळची_फेरी
मग तेच तर म्हणतोय, ताई.

हिशेबनीस
तुम्ही दोघं भांडा, बिलाचं कोणी बोलत नाही. पेम्ब्रो दर तीन आठवड्यांनी २०० मिग्रॅ, म्हणजे १०० च्या दोन बाटल्या. किलोला २ मिग्रॅने धरलं तर ५२ किलोच्या माणसाला १०४ लागतं. एक बाटली कोणासाठी फोडतो आपण? त्यावरचा जीएसटी २०२१ मध्ये १२ वरून ५ टक्के केला, तेवढ्यावर पेढे वाटायचे? टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये दाखवलंय, नुसत्या २० मिग्रॅ निव्होलुमॅबवर, म्हणजे याच जातीच्या औषधावर, काम होतं. एक वर्षाने हयात ४३ टक्के, ते न मिळालेल्या गटात १६.

अर्धा_एमबीबीएस
काका, तो अभ्यास डोक्या-मानेच्या कॅन्सरचा, आणि सोबत मेट्रोनोमिक, म्हणजे कमी डोसची पण सतत चालणारी, केमो होती. मूत्राशयाला तसाच्या तसा चिकटवू नका. आणि धागाकर्ते, तुम्हीही २०१८ मध्येच अडकलात. २०२३ मध्ये एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रो जोडीने दिल्याचा ८८६ रुग्णांचा निकाल आला. मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ३१.५ महिने, केमोवर १६.१. सिसप्लॅटिन न झेपणारेही त्यात होते. चित्र पालटलंय.

परळची_फेरी
पालटलंय, मान्य. पण त्या जोडीतलं एक औषध अँटिबॉडीच्या पाठीवर बसवलेलं विषच आहे ना? पुरळ, साखर वाढणं, बोटं बधिर. शर्टाची बटणं लावता न येणं हे "शून्य" मध्ये धरायचं का? आणि भाव हिशेबनीसांना विचारा.

हिशेबनीस
मला विचारू नका, बीपी वाढतं.

मोदकाची_उकड
औषधाने नाही, प्रवासाने दमली माझी आई. लोकलमध्ये विकलांगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णांना मुभा आहे. तरी कुर्ल्याला एकाने तिला उठवलं. "आजी, तुम्ही तर धडधाकट दिसता." केस होते ना डोक्यावर! केमो घेतली असती तर निदान जागा मिळाली असती.

एक_कुबडी
दुसरी बाजूही ऐका. मला पोलिओ आहे, वीस वर्षं याच डब्यातून जातोय. एका पेशंटबरोबर तीन नातेवाईक चढतात आणि चौघंही बसतात. मी दारात लटकू? राखीव डब्यात घुसणाऱ्यांसाठी रेल्वे कायद्याचं कलम १५५ आहे, दंड ५०० रुपयांपर्यंत. कधी भरलाय कोणी?

मोदकाची_उकड
मी एकटीच असायचे आईबरोबर. उभी. एका हातात फाइल, दुसऱ्या हाताने तिची लघवीची पिशवी पदराआड धरलेली. त्या माणसाला पिशवी दाखवायला हवी होती का?

एक_कुबडी
नाही. चूक त्याची. पण दर वेळी आम्हीच का समजून घ्यायचं?

हिशेबनीस
धागा मूत्राशयावरून रेल्वेवर गेला. आता मराठी-अमराठीवर न्या, म्हणजे शंभरी भरेल.

अर्धा_एमबीबीएस
+१. धागाकर्ते, एक तरी गोष्ट मान्य करा, शीर्षकातलं ते "म्हणे" खवचट आहे.

परळची_फेरी
आहे. बादली धुतल्यावर तेवढाच खवचटपणा शिल्लक राहतो. मोदकताई, आईंचे दोन गणपती माझ्या टक्केवारीत बसत नाहीत, हेही लिहून ठेवतो. खूश?
बाकी, गुरुवारी बाबांची फेरी आहे. आजवर टॅक्सीने नेलं, आता परवडत नाही. तो डबा प्लॅटफॉर्मवर नेमका कुठे येतो?

एक_कुबडी
बीप-बीप वाजतं ना, अंधांसाठी लावलंय ते. त्याच्याखाली उभे राहा. परळला स्लोच थांबते, फास्ट पकडू नका. आणि बरोबर एकानेच चढा.