रशियन क्रियापदांची रूपं: सुरुवात कुठून करायची?

मोरजीकार:
गोव्यात मोरजीला आमचं छोटं गेस्टहाऊस आहे, सीझनला रशियन पाहुणे असतात. अक्षरं वाचता येतात, पण क्रियापद आलं की गाडी अडते. एकेकाची सहा-सहा रूपं! सगळे तक्ते पाठ करायचे का? आणि मूळ रूपावरून गट कसा ओळखायचा?

रूपावली:
तक्ते नकोत. वहीत एका ओळीत मूळ रूप आणि मी, तू, ते यांची रूपं लिहा, बस्स.
चितात्य (वाचणे): चितायू, चितायेश, चितायूत.
गवरीत्य (बोलणे): गवर्यू, गवरीश, गवर्यात.
'तू'च्या रूपात 'ये' असेल तर पहिला गट, 'ई' असेल तर दुसरा. उरलेली रूपं त्यावरूनच निघतात: चितायेत, चितायेम, चितायेत्ये, गवरीत, गवरीम, गवरीत्ये.

मूळ रूपावरून फक्त अंदाज बांधता येतो. शेवटी 'ईत्य' असलेली बहुतेक दुसऱ्या गटात जातात. पण स्मत्र्येत्य (पाहणे) दिसतं पहिल्यातलं, चालतं दुसऱ्यासारखं: स्मत्र्यू, स्मोत्रिश. इथे 'मी'ला आघात (उच्चारातला जोर) शेवटी आहे, 'तू'पासून तो अलीकडे सरकतो, आणि आघात गेला की 'ओ'चा उच्चार 'अ'कडे झुकतो. त्यामुळे आघाताची खूण न करता लिहिलेलं क्रियापद अर्धंच.

दुसऱ्या गटात 'मी'चं रूप पुष्कळदा बिघडतं. प्लातीत्य (पैसे देणे): प्लाचू, पण प्लातिश. ब, प, व, म यांच्यानंतर 'ल' घुसतो: ल्युब्ल्यू, पण ल्यूबिश (आवडणे). हा 'ल' पुढच्या रूपांतही ओढत नेणं ही नेहमीची चूक.

तुमच्या कामाचं ब्रनीरवत्य (बुकिंग करणे) मात्र गुणी बाळ: लिहिताना असलेला 'ओवा' जाऊन 'उ' येतो, ब्रनीरुयू, ब्रनीरुयेश. परकीय शब्दांपासून झालेली कितीतरी क्रियापदं अशीच चालतात.

हरमल_किनारा:
भूतकाळाला पुरुष नाही, लिंग-वचनच. 'त्य' काढून 'ल' लावा. कुपीत्य (विकत घेणे): पुल्लिंगी कुपील, स्त्रीलिंगी कुपीला, अनेकवचनी कुपीली. सोपं आहे, आणि मराठी माणूस नेमका इथेच घसरतो. आपण 'तिने नारळ घेतला' म्हणतो, क्रियापद नारळाचं ऐकतं. रशियनमध्ये ते घेणारीचं ऐकतं: अना कुपीला ककोस. एकट्या बाईंना आदराने 'वी' (तुम्ही) म्हटलंत तरी क्रियापद अनेकवचनीच: वी कुपीली.

मोरजीकार:
आभार! मग 'तुम्हाला काय हवंय' कसं विचारू?

रूपावली:
श्तो वी खतीत्ये? हे क्रियापद दोन डगरींवर पाय ठेवून आहे. एकवचनात पहिला गट: खचू, खोचेश, खोचेत. अनेकवचनात दुसरा: खतीम, खतीत्ये, खत्यात. पाहुण्यांना 'खोचेश' म्हणू नका, ते 'तुला' होतं.

हरमल_किनारा:
एक राहिलं. कुपीत्यचं 'मी'चं रूप कुप्ल्यू दिसतं वर्तमानासारखं, पण अर्थ 'विकत घेईन'. 'घेतोय' म्हणायला पकुपायू. म्हणून पकुपात्य आणि कुपीत्य ही जोडी वहीत शेजारी-शेजारीच लिहा.