‘कनेक्टर’ला मराठीत काय म्हणायचं?

म्हापसा: सॉफ्टवेअर आर्किटेक्चरच्या शैली (प्रणालीचे भाग कसे जोडायचे याचे ठरलेले साचे) समजावणाऱ्या आकृत्यांवर मराठी नावं घालतेय. चौकोनाला ‘घटक’ चटकन बसलं, अडलं ते दोन चौकोनांमधल्या रेघेपाशी, म्हणजे ‘कनेक्टर’पाशी. ‘दुवा’ लिहिलं तर वाचणारा क्लिक करायला जातो. ‘जोडणी’ चालेल?

डिचोली: जोडणी म्हटलं की वीजखात्याचा अर्ज आठवतो. शिवाय पेरी आणि वुल्फ या संशोधकांनी १९९२च्या सॉफ्टवेअर आर्किटेक्चरवरच्या लेखात घटकच तीन प्रकारचे सांगितलेत: प्रक्रिया करणारे, डेटाचे आणि जोडणारे. रेघसुद्धा घटकच की!

मडगाव: मग ‘सांधा’ घ्या. सुटसुटीत आहे.

डिचोली: सांधा नुसता धरून ठेवतो. कनेक्टरला स्वतःचे नियम असतात. युनिक्समध्ये एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याला पोचवणाऱ्या पाइपमधून तो एकाच दिशेने वाहतो आणि पलीकडे कोण बसलंय हे फिल्टरला (डेटा घेऊन, बदलून पुढे देणाऱ्या प्रोग्रामला) ठाऊक नसतं. क्लायंट-सर्व्हरमध्ये एकाने मागायचं, दुसऱ्याने द्यायचं. कागदावर मात्र दोन्हीकडे तोच बाण! यूएमएल या सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायच्या चिन्हभाषेतही कनेक्टर बहुतेकदा साधी रेघच. ॲक्मी या आर्किटेक्चर लिहायच्या भाषेने त्याला स्वतंत्र जागा दिली: घटकाच्या टोकाला पोर्ट, कनेक्टरच्या टोकाला रोल. (पोर्टचं ‘बंदर’ करू नका, मुरगावात जहाज लागेल.)

दिवाडी: आमच्या खाजनात (भरतीचं पाणी बांधाने अडवलेल्या शेतजमिनीत) हे यंत्र आहेच, मानस. बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा ते आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. दोन्ही टोकांची कामं वेगळी, दिशा ठरलेली, आणि नियम दारातच. शेतात नाही, नदीतही नाही.

म्हापसा: दाखला फर्मास! पण ‘मानस’ वाचून साताऱ्याचा माणूस मनाकडे वळेल. मी ‘जोडघटक’ लिहिते, रोलला ‘भूमिका’. आता ‘स्टाइल’चं काय? ‘शैली’ ठेवू?

डिचोली: ठेवा, पण ‘शैलीची आकृती’ म्हणताना जपून. तीन फिल्टर, दोन पाइप काढले की ती एका प्रणालीची आकृती झाली. शैली सांगते की फिल्टर कितीही असोत, दोघांमध्ये पाइपच हवा. ‘कितीही’ कसं काढणार? म्हणून तर ल मेतायेर या संशोधकांनी १९९८मध्ये शैलीसाठी ग्राफचं व्याकरण, म्हणजे बिंदू-रेघांची चित्रं कशी रचायची याचे नियम, वापरलं. चित्र म्हणजे वाक्य, शैली म्हणजे व्याकरण.

म्हापसा: म्हणजे माझ्या सहा आकृत्यांपैकी पाच नुसती वाक्यं आहेत. मथळे बदलते. पाइप-फिल्टरच्या पानावर मानशीचं चित्रही टाकते; दिवाडीकर, दार मिटलेलं असतानाचा फोटो आहे का?