1994 च्या न उलगडलेल्या खुनाचा शोध आज डीएनए तपासणीतून लागू शकतो का?

कृष्णाकाठ (वाळवा तालुका, जि. सांगली)

नमस्कार. 1994 साली माझ्या वडिलांच्या चुलतभावाचा, आमच्या आप्पांचा, उसाच्या फडात कोयत्याने खून झाला. कोयता आणि बांधावर सापडलेला रक्ताळलेला टॉवेल जप्त केल्याची नोंद पंचनाम्यात आहे. टॉवेल आमच्या घरातला नव्हता, असे सर्वांनी जबाबात सांगितले होते. प्रयोगशाळेच्या अहवालात रक्त मानवी असल्याचे आणि टॉवेलावरील रक्ताचा गट आप्पांच्या गटाहून वेगळा असल्याचे एवढेच म्हटले आहे. पुढे ‘अ’ समरी होऊन प्रकरण बंद झाले. काकू आता थकल्या आहेत, पण हा प्रश्न त्यांनी सोडलेला नाही. परदेशात चाळीस वर्षांपूर्वीचे खुनी पकडले गेल्याचे वाचतो, तसे आपल्याकडे होऊ शकते का? इतक्या वर्षांनी कायद्याची मुदत संपलेली असते का, आणि अर्ज कोणाकडे करावा?

सातारचा वकील

मुदतीची चिंता करू नये. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मधील मुदतीचे बंधन तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरते होते. खुनाला ते कधीच नव्हते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही नाही. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा आहे, पण आरोपी निष्पन्न झालेला नाही. अशा प्रकरणात पोलिसांना अधिक तपास करता येतो (पूर्वीचे कलम 173(8), आताचे 193(9)), आणि न्यायालयाने प्रकरण बंद करण्याचा अहवाल स्वीकारला असला तरी ही वाट बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली स्पष्ट केले आहे. पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा आणि त्यात गुन्हा रजिस्टर नंबर, प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक व नवीन तपासणीची नेमकी मागणी लिहावी. मात्र त्याआधी समरीच्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढून शेवटचा परिच्छेद वाचावा, कारण मुद्देमाल नष्ट करण्याचा आदेश बहुधा तेथेच असतो.

निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी, पुणे

वकीलसाहेबांनी शेवटी लिहिलेली गोष्ट मी पहिली मानतो. अशा प्रकरणांचे भवितव्य यंत्रांपेक्षा मुद्देमालाच्या खोलीत ठरते. इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ 1983 आणि 1986 साली झालेल्या दोन मुलींच्या खुनांत कॉलिन पिचफोर्कला 1988 मध्ये शिक्षा झाली, ती जुना नमुना जपून ठेवलेला होता म्हणूनच. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी 1988 च्या सुमारास डीएनए तपासणीचे हे तंत्र उभे केले, पण 1994 मध्ये जिल्ह्यातल्या खुनाच्या तपासात रक्तगटापलीकडे सहसा कोणी जात नसे. त्यामुळे आपल्या टॉवेलाची डीएनए तपासणी झालेलीच नसावी, आणि माझ्या मते ही निराशेची नव्हे, आशेची बाब आहे.

रक्ताचा डाग सावलीत नीट वाळलेला आणि कोरडा राहिलेला असेल, तर त्यातील डीएनए कित्येक दशके टिकू शकतो. त्या काळी मुद्देमाल कापडात शिवून लाखेचे सील लावीत असत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडून बुरशी येते, तसे कापडात होत नाही. खरा धोका पाण्याचा आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत ती खोली बुडाली होती का, याची चौकशी अवश्य करावी. कोयत्याच्या पात्यावर गंज चढला असेल, तरी पाते लाकडी मुठीत जेथे बसते त्या फटीत रक्त मुरलेले असू शकते.

कोणीही, अगदी ओळखीच्या अधिकाऱ्यानेसुद्धा, ते पुडके सहज म्हणून उघडू नये. हल्लीची तपासणी इतकी संवेदनशील आहे, की जर्मनीत वर्षानुवर्षे अनेक गुन्ह्यांत एकाच स्त्रीचा डीएनए सापडत राहिला आणि तो नमुने घेण्याच्या काड्या बनवणाऱ्या कारखान्यातील कामगार स्त्रीचा असल्याचे 2009 साली उघड झाले. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात तर नमुने बरेच दिवस मालखान्यात पडून राहिल्याने त्यांवर सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये विश्वास ठेवला नाही. तीस वर्षे पडून राहिलेल्या पुडक्याचे सील शाबूत आहे का आणि ते कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेले, हे नोंदवहीतून दाखवता आलेच पाहिजे.

माणदेशी

कॅलिफोर्नियात कित्येक दशकांपूर्वी अनेक खून करणारा जोसेफ डीअँजेलो 2018 साली पकडला गेला, तो हजारो लोकांनी वंशावळीसाठी स्वतःहून आपला डीएनए संकेतस्थळावर दिला होता म्हणून; दूरचे नातेवाईक जुळले आणि त्यांवरून तपास त्याच्यापर्यंत पोचला. आपल्याकडे असा साठा नाही. म्हणजे टॉवेलावरून डीएनएचा नकाशा मिळाला, तरी तो जुळवून पाहण्यासाठी संशयित हवाच. शिवाय बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची तपासणी झाली, तर एकाच मूळपुरुषाची अख्खी भावकी तिच्यात सारखी दिसू शकते. अशा जुळणीवरून गावात कोणा निरपराध माणसाचे नाव पसरले, तर ते पुसणे फार कठीण. पिचफोर्क प्रकरणात डीएनएने सर्वांत आधी सोडवले ते कबुली देऊन बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला, हेही लक्षात ठेवावे.

कृष्णाकाठ

मनापासून आभार. जबाबांत ज्यांच्यावर संशय घेतला होता ते दोघे आमच्या भावकीतलेच आहेत, त्यांपैकी एक हयात नाहीत. मग वरील अडचण आमच्या बाबतीत येईलच का?

निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी, पुणे

टॉवेलावर पुरेसे आणि एकाच व्यक्तीचे रक्त असेल तर येऊ नये, कारण मग वाय गुणसूत्रावर थांबण्याचे कारण उरत नाही. इतर गुणसूत्रांवरील अनेक ठिकाणे तपासून सख्ख्या भावांतही भेद करता येतो, अपवाद फक्त एकसारख्या जुळ्यांचा. हयात संशयिताला अटक झाल्यास त्याची वैद्यकीय तपासणी डीएनएसह करण्याची तरतूद कायद्यात 2005 च्या दुरुस्तीपासून आहे. दिवंगत व्यक्तीबाबत त्यांच्या मुलांच्या नमुन्यांवरून पडताळणी होऊ शकते, पण मुलांवर कसलाही आरोप नसल्यामुळे ती त्यांच्या संमतीनेच व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आप्पांचे दहन झाले असेल, तर कोयत्यावरील रक्त त्यांचेच असल्याचे ठरवण्यासाठी काकू आणि मुलांचे नमुने लागतील. त्यांची तयारी असल्याचे अर्जातच लिहावे. काकूंचे वय पाहता त्यांचा नमुना आधी घेण्याची विनंतीही त्याच अर्जात करावी.