गोंधळाला गिटार लागली म्हणून बाटला?

पंचवटीकर: कालच्या धाग्यावर एकाने ठणकावलं, "गोंधळाला गिटार लागली की तो बाटला. अस्सल हवा तर जुन्या तबकड्या लावा." उत्तर तिथे मावेना म्हणून इथे. अहो, मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं वाजते. रात्रभराचा गोंधळ तीत कोंबताना आवाहन आखडलं, आख्यान उडालं, संबळाची चढत जाणारी लय गेली. उरला मुखडा नि दोन कडवी. हे अस्सल? द अ‍ॅनिमल्स या इंग्रज रॉक बँडनं १९६४ साली 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' हे जुनं लोकगीत इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गनवर घेतलं. सहाच्या ठेक्यात ए मायनर, सी, डी, एफ आणि ई या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), एकेक तार सुटी छेडलेली. मेलं का ते?

तुणतुणं: मेलं नाही, पण संयोजनाचं श्रेय एकट्या ऑर्गनवाल्या अ‍ॅलन प्राइसच्या नावावर. वाजवणारे पाच, रॉयल्टी एकाला! आपल्याकडे तरी काय? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी बिननावाची गाणारे थोडे आहेत?
असो. गिटारवाल्यांचा खरा गुन्हा पट्टीचा. गोंधळी काळी एकचा (पेटीवरची पट्टी, इंग्रजीत सी शार्प), यांना ई मायनर सोपा, म्हणून त्याला सफेद तीनवर, म्हणजे ईवर चढवतात. शेवटच्या 'उदो उदो'ला घसा फाटणारच. चौथ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा लावा, हात ए मायनरचाच ठेवा, काळी एक मिळते. एवढं जड आहे?

सिडकोवाला: काळी एक कुठून आणलीत? फिरत असलेल्या जुन्या कॅसेटवर गोंधळ सफेद दोनमध्ये, म्हणजे डीमध्ये आहे. ट्यूनर लावून बघा, मग शिकवा.

तुणतुणं: ट्यूनर कॅसेटचा सूर दाखवतो, गायकाचा नाही. टेप सेकंदाला ४.७६ सेंमी सरकायला हवी. भरताना मशिनचा बेल्ट सैल असेल तर ती हळू सरकते, आणि तीच कॅसेट धडधाकट मशिनवर लावली की सूर वर. सुमारे ६ टक्के फरक म्हणजे बरोबर अर्धा सूर. काळी एकची सफेद दोन अशी होते, साहेब.

सिडकोवाला: सोयीचं आहे! मग मागची विजेची गुणगुण मोजा. ५० हर्ट्झ आली तर वेग बरोबर, ५३ आली तर तुमचं खरं.

पंचवटीकर: गुणगुण भरतानाची की वाजवतानाची? वाजवणाऱ्या मशिनची असेल तर ती ५०च दिसणार, टेप कशीही पळो. आणि त्या काळी ग्रिडवर ताण आला की वारंवारिता ४९च्या खाली जायची. तुमची मोजपट्टीच रबराची.

ढोलवाला: पट्टीवर भांडताय, आणि मिरवणुकीत ढोलाला फायबरची पानं (तोंडावरचे पडदे) लावून बडवतात त्याचं काय? चामड्याचं पान पावसात सैल पडतं, कबूल. शेकून, दोऱ्या ताणून घ्यावं लागतं. फायबरला तो त्रास नाही, पण घुमाराही नाही, नुसता फटका. नाशिक ढोलाचं नाव तरी लावू नका.

सिडकोवाला: धागा गोंधळाचा आहे हो!

ढोलवाला: बरं, संबळावर या. दोन्ही तोंडांना मिळून एकच माइक ठेवता, मग जाड आवाजाची बाजू हरवते. प्रत्येकी एक डायनॅमिक माइक, वितभर अंतरावर. किक ड्रम (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) नि संबळाची जाड बाजू ६० ते १०० हर्ट्झमध्ये एकमेकांवर चढतात, तिथे किक कमी करा. पण रॉकवाल्यांना किक म्हणजे कुलदैवत.

तुणतुणं: आणि क्लिक, म्हणजे ड्रमरच्या कानात वाजणारा यंत्राचा ठोका, बंद करा! ठेका एका वेगावर बांधला की गोंधळ चढतच नाही. ड्रमरला ऐकू येणाऱ्या स्पीकरमध्ये (मॉनिटर) संबळ द्या, त्याने संबळाच्या मागोमाग जावं.

पंचवटीकर: म्हणजे ड्रमरही चालेल. प्रगती आहे.

तुणतुणं: टोमणे नकोत. चालेल, गिटारही चालेल. चालीत कोमल गंधार असताना मेजर कॉर्ड मारायची नाही, तिच्यात शुद्ध गंधार असतो, एवढंच. गंधार गाळा, षड्ज-पंचम ठेवा.

पंचवटीकर: त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. रॉकवाले दुसरं काय वाजवतात?

सिडकोवाला: आणि माझी सफेद दोन?