अमेरिकन ग्राहकाची दिवाळखोरी आणि आपली थकलेली बिले

शिरोलीचा फौंड्रीवाला:
आमच्याकडून पंपाची कास्टिंग घेणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने डेलावेअर येथील न्यायालयात चॅप्टर ११ (अमेरिकी दिवाळखोरी कायद्यातील पुनर्रचनेचे प्रकरण) खाली अर्ज केल्याची नोटीस आली आहे. तीन बिले थकली असून शेवटचा कंटेनर अर्जाच्या बारा दिवस आधी त्यांच्या गोदामात उतरला. दर सोमवारी आमचा तगाद्याचा ईमेल जातो, तो चालू ठेवावा का? शिवाय त्यांचे पॅटर्न, म्हणजे साचा घडवण्याचे नमुने, आमच्याच शेडमध्ये पडून आहेत. ते विकून काही रक्कम वळती करता येईल का?

वसुलीचा जुना वकील:
ईमेल आजच थांबवावा. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतल्यावर कलम १४ ची वसुलीवरील स्थगिती लागते. तिकडे मात्र अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३६२ नुसार अर्ज दाखल होताक्षणीच, न्यायाधीशांच्या आदेशाची वाट न पाहता ती आपोआप लागू होते. दावा, जप्ती, तगादा, इतकेच काय, जुनी येणी त्यांच्या देण्यातून परस्पर वजा करणेही त्या काळात चालत नाही, आणि माहीत असून उल्लंघन केल्यास न्यायालयाच्या अवमानाचा प्रश्न येतो. पॅटर्न त्यांच्या मालकीचे असतील, तर ते कोल्हापुरात असले तरी दिवाळखोराच्या मालमत्तेतच मोडतात. नुसते ताब्यात ठेवल्याने कलम ३६२ च्या संबंधित पोटकलमाचा भंग होत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. पण म्हणून ते विकता येत नाहीत.

गोकुळ शिरगावचा निर्यातदार:
मला तर त्या बारा दिवसांतच सगळे दिसते. अर्जापूर्वीच्या २० दिवसांत ऋणकोला नेहमीच्या व्यवहारात मिळालेल्या मालाची किंमत त्याच कायद्याच्या कलम ५०३ नुसार प्रशासकीय खर्चाच्या (दिवाळखोरीचे कामकाज चालवण्याच्या खर्चाच्या) अग्रक्रमात धरली जाते, म्हणजे साध्या विनातारण धनकोंच्या बरीच पुढे. ‘मिळालेला’ म्हणजे प्रत्यक्ष ताब्यात आलेला, असे डेलावेअर ज्याच्या कक्षेत येते त्या अपील न्यायालयाने २०१७ मध्ये एफओबी (जहाजावर चढवताच जोखीम खरेदीदाराकडे जाणाऱ्या) मालाबाबतच ठरवले आहे. त्यामुळे न्हावाशेवाहून माल केव्हा निघाला याला महत्त्व नाही, गोदामातील पोचपावती मात्र जपून ठेवावी. उरलेल्या दोन बिलांसाठी नोटिशीतील मुदतीत फॉर्म ४१० भरून दावा नोंदवावा. तो नोंदवल्याने स्थगितीचा भंग होत नाही.

शिरोलीचा फौंड्रीवाला:
ईमेल बंद केला. पण नवी ऑर्डर आली, तर आधी जुनी बिले मागावीत का?

वसुलीचा जुना वकील:
तसे करू नये, ती वसुलीच ठरू शकते. दीर्घ मुदतीचा करार नसेल, तर नव्या मालाची रक्कम आगाऊ मागण्यास साधारणतः आडकाठी नसते.