सिरपूर तलावावर दुर्बीण आणि मानदुखी

इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्षी बघताना गळ्यातल्या दुर्बिणीनं दोन तासांत मान भरून येते, रुंद पट्टा घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. रुंदीनं फारसं साधणार नाही. ८x४२ (आठपट मोठं दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर भिंगाच्या) दुर्बिणीचं साधारण ७०० ग्रॅम वजन मानेवरच राहतं. पाठीवर फुली होणारा हार्नेस घ्या, भार दोन्ही खांद्यांवर जातो. लांबी अशी ठेवा की दुर्बीण छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी टेकेल, पण डोळ्यांशी नेताना पट्टा ओढणार नाही. सैल राहिला तर वाकताना ती पुढे झुलून दगडावर आपटते. बकलातून परत ओवलेलं टोक ३-४ सेंटीमीटर शिल्लक सोडाच. आखूड टोक हळूहळू सरकतं आणि दुर्बीण थेट खाली! सॅक मात्र हार्नेसच्या वरून घाला, म्हणजे पाण्याची बाटली काढताना दुर्बीण उतरवावी लागत नाही.