हीट पंप कुठे बसवू? गच्चीवर की घरामागे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. नाशिकला आमचं रो हाऊस आहे, घरात सहा माणसं, सकाळी तीन गीझर एकदम चालतात आणि लाईट बिल बघवत नाही, म्हणून २०० लिटरचा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून टाकीतलं पाणी तापवणारं मशीन) घ्यायचं नक्की केलंय. सोलर नको कारण शेजारच्या बिल्डिंगची सावली पडते. आता फक्त जागेवर अडलंय. गच्चीवर हवा मोकळी, पण खालच्या बाथरूमपर्यंत पाईप ४० फूट जातो, रोज अर्धी बादली गार पाणी वाया, शिवाय भरलेली टाकी अडीचशे किलोच्या आसपास आणि आमचा स्लॅब जुना. घरामागच्या बोळात बसवला तर पाईप छोटा, पण तिथे कोंदट आहे, मशीनने सोडलेली गार हवा परत तेच ओढणार ना? आणि भिंतीपलीकडे आईंची खोली, त्यांची झोप फार सावध, पहाटे कॉम्प्रेसरचा आवाज गेला तर त्यांचा दिवस खराब होईल याचीच मला जास्त काळजी आहे. युनिट बाहेर आणि टाकी आत असं स्प्लिट मॉडेल कोणी वापरतंय का? पाणी बोअरचं आहे, क्षार खूप. डीलर म्हणतो कुठेही चालेल, मला ते पटत नाहीये. ज्यांनी एक-दोन हिवाळे वापरलाय त्यांनी प्लीज सांगा.